बोटभर वंगण



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर बहुधा संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय येतात. त्यांच्या रांगेत मोटारीच्या ऑइल सीलचा विषय घेऊन उभे राहताना मला थोडा संकोच वाटतो. परंतु वस्तू लहान असली म्हणजे तिचे परिणामही लहान असतात, असे नाही. आपल्या बुलढाणा गावाची जागाच अशी आहे की, मलकापूरला जायचे तर राजूरचा घाट उतरावा लागतो आणि खामगावला जायचे तर बोथ्याचा. दोन्हीकडे गाडी तीनशे मीटरांहून अधिक खाली येते. उतारावर आपला सारा जीव ब्रेकवर असतो. आणि पुष्कळ गाड्यांत तो ब्रेक कोरडा राहणे हे तळहातावर मावेल एवढ्या एका रबरी कड्यावर अवलंबून असते. त्या कड्याविषयी, आणि ते बसवताना लावायच्या बोटभर वंगणाविषयी, मी आज बोलणार आहे.

मी यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे. माझ्यापाशी एक जुनी जीप आहे, आणि ती स्वतःच दुरुस्त करण्याची हौस आहे. ही हौस आता पुष्कळांना लागली आहे. कोणाकडे पिकअप असते, कोणाकडे छोटी मोटार, कोणाकडे ट्रॅक्टर. पान्यांचा संच बाजारात सहज मिळतो. मिस्त्रीकडे आठ दिवस थांबण्यापेक्षा रविवारी अंगणातच काम उरकावे, असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु ह्या हौसेने मला एकदा चांगलाच धडा दिला. प्रथम तो सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या जीपच्या मागच्या डाव्या चाकाशी तेलाचा ओलावा दिसू लागला. ॲक्सलच्या टोकाचे सील गेले, हे मी ओळखले. नवे सील आणले, पुलर मागून आणला, जुने उपसून काढले, बसण्याची जागा घासूनपुसून लख्ख केली आणि नवे सील ठोकून बसवले. ते जसे कागदातून काढले तसेच, अगदी कोरडे, बसवले. स्वच्छतेचा मला मोठा अभिमान होता. त्यावर तेलाचा डागसुद्धा पडू दिला नाही! पंधरा दिवसांनी राजूर घाट उतरत असताना ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढू लागली. उजवीकडून मलकापूरची वाहने वर येत होती. गिअर खाली घेऊन, गाडी डोंगराच्या कडेला धरून कशीबशी थांबवली. पुढे चाक उतरवले, तेव्हा डाव्या ड्रममध्ये ब्रेकचे अस्तर तेलाने चिंब झालेले होते. डावा ब्रेक घसरत होता, उजवा धरत होता. मग गाडी उजवीकडे जाणार नाही तर काय करणार!

माझ्या ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रीने ते पंधरा दिवसांचे सील बोटांत फिरवून पाहिले. त्याची कड चकचकीत आणि कडक झाली होती, बारीक भेगाही पडल्या होत्या. तो एवढेच म्हणाला, “गुरुजी, सील कोरडंच बसोलं न तुमी?” त्या एका प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे समजले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आपण प्रथम बैलगाडीकडे वळू. बैलगाडीच्या तुंब्यात आस फिरताना करकर आवाज येऊ लागला की, गाडीवान चाक थोडे बाहेर ओढून वंगण घालीत असे. आसावरून थोडे वंगण गळे, धुळीत मिसळून काळे होई, आणि धोतराला लागले की जन्मभर निघत नसे. पण त्याने बिघडत काहीच नव्हते. चाक सावकाश फिरे, वंगण गळाले तर पुन्हा घालता येई, आणि शेजारी तेलाने बिघडेल असा ब्रेकही नव्हता. मोटारीत हे सारे पालटले. गिअरबॉक्समध्ये आणि मागच्या डिफरन्शियलमध्ये दात एकमेकांवर मोठ्या जोराने घासतात. त्यांना तेलात बुडवूनच ठेवावे लागते. परंतु त्याच पेटीतून शाफ्ट बाहेर यायला हवा, नाही तर चाक फिरणार कसे? भोक ठेवले तर तेल बाहेर येते, आणि भोक घट्ट बुजवले तर शाफ्ट फिरत नाही. फिरणाऱ्या दांड्याभोवतीचे भोक बंदही असावे आणि दांडा मोकळाही राहावा, हा तो पेच होय.

हा पेच मोटारीहून जुना आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा ह्याने १७९५ साली पाण्याच्या दाबाने चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. कापसाच्या गाठी दाबण्याच्या कामी पुढे असली यंत्रे सर्वत्र उपयोगात आली. खामगावच्या कापसाच्या बाजारपेठेशी संबंध असलेल्यांना ती नवी नाहीत. ब्रामाच्या यंत्रात दट्ट्याच्या कडेने पाणी झिरपे. त्यावर चामड्याचे वाकवलेले कडे बसवण्याची युक्ती त्याच्याच कारखान्यातील हेन्री मॉडस्ले ह्याने काढली. पाण्याचा दाब वाढला की चामडे आपोआप अधिक घट्ट बसे. तेच तत्त्व आपल्या सायकलच्या पंपात आहे. पंपातला चामडी वॉशर वाळला की कितीही जोर केला तरी हवा भरत नाही. तेलाचे दोन थेंब सोडले की पंप पुन्हा चालू लागतो. चामडे तेलाने मऊ राहते, नळीला चिकटून बसते आणि घासले तरी जळत नाही. तेल लावलेले चामडेच तेवढे हवा धरते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. मला मात्र जीपपाशी त्याचे विस्मरण झाले.

मोटारींच्या पहिल्या काळात शाफ्टभोवती लोकर दाबून केलेल्या नमद्याची किंवा चामड्याची कडी बसवीत. जर्मनीतील वाइनहाइम गावी फ्रॉइडेनबर्ग नावाचा चामडे कमावण्याचा मोठा कारखाना होता. तेथे वाल्टर सिमर ह्या ऑस्ट्रियन अभियंत्याच्या कल्पनेवरून १९२९ च्या सुमारास धातूच्या कवचात चामड्याची कड धरलेले सील तयार झाले. त्याच्या नावावरून जर्मन लोक अशा सीलला अजूनही ‘सिमररिंग’ म्हणतात. पुढे १९३० नंतरच्या दशकात तेलाला न भिणारे कृत्रिम रबर निघाले आणि चामड्याची जागा त्याने घेतली. साधे, झाडाच्या चिकाचे रबर खनिज तेलात फुगते आणि गळून जाते. हे नवे नायट्राइल रबर तेलात टिकते. आज आपल्या गाड्यांत जे काळे सील असते, ते बहुधा ह्याच जातीचे असते.

ते सील एकदा हातात घेऊन नीट पाहावे. बाहेर लोखंडी कडे असते. कधी त्यावरही रबर चढवलेले असते. आत रबराची पातळ कड असते. ह्या कडेच्या पाठीमागे बारीक तारेची गोल स्प्रिंग असते, ती कडेला शाफ्टवर हलकेच आवळून धरते. ही स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवायची असते. पुष्कळ सीलांना बाहेरच्या अंगास आणखी एक लहान कड असते; ती तेल अडवण्यासाठी नसून धूळ अडवण्यासाठी असते. आपल्या काळ्या मातीच्या मुलखात तिचे महत्त्व विशेष आहे.

आता मुख्य मुद्दा. आपल्याला वाटते की, रबराची कड शाफ्टला घट्ट चिकटते म्हणून तेल थांबते. वस्तुतः गाडी चालू असताना ती कड शाफ्टला टेकलेली नसते, असे म्हटले तरी चालेल. दोघांच्यामध्ये तेलाचा एक पापुद्रा असतो. त्याची जाडी एखाददुसऱ्या मायक्रॉनच्या घरात असते. म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा काही दशांशही नाही. ह्या पापुद्र्यावर कड तरंगत राहते. तेलाकडच्या अंगास कडेचा उतार उभा आणि हवेकडच्या अंगास आडवा ठेवलेला असतो. त्यामुळे शाफ्ट फिरू लागला की, कडेखाली आलेले तेल परत आत ढकलले जाते. म्हणजे सील ही नुसती भिंत नसून तो एक सूक्ष्म पंपही आहे. बाहेर गळू नये म्हणून ज्याला अडवायचे, त्याच तेलावर सीलचे आयुष्य अवलंबून असते.

ते किती अवलंबून असते, हे थोड्या हिशेबाने कळेल. खामगाव ते बुलढाणा अंतर सुमारे ५० किलोमीटर. चाकाचा घेर दोन मीटर धरला तर ह्या एका फेरीत चाक २५,००० वेळा फिरते. ॲक्सल ३५ मिलिमीटर जाडीचा असेल तर त्याचा घेर ११ सेंटिमीटर होतो. तेव्हा सीलची कड ह्या एका प्रवासात सुमारे पावणेतीन किलोमीटर पोलादावरून घासत जाते. डिफरन्शियलच्या तोंडाशी असलेल्या पिनियनची गोष्ट याहून बिकट आहे. तो चाकाच्या चौपट फिरतो असे धरले तर एक लाख फेरे झाले. आणि ४० मिलिमीटर जाडीच्या शाफ्टावर ती घसरण साडेबारा किलोमीटरांची होते. आपली वहाण कोरड्या फरशीवरून साडेबारा किलोमीटर कोणी फरफटत नेली, तर तिचे काय उरेल? तेलाच्या पापुद्र्यावर मात्र ही कड असे हजारो प्रवास करते.

येथेच कोरड्या सीलचे मर्म आहे. पेटीत तेल भरले म्हणजे ते तत्काळ सीलपाशी पोहोचते, असे नाही. डिफरन्शियलमधले तेल मोठ्या दातेरी चाकाने उडवले जाते, आणि कित्येक गाड्यांत ते नळीसारख्या धुरीतून वाहत टोकापर्यंत जाते. तोपर्यंत गाडी रस्त्याला लागलेली असते. ह्या अवधीत कोरडे रबर कोरड्या पोलादावर घासते. रबर उष्णता वाहून नेत नाही. त्यामुळे सारा ताप कडेच्या केसाएवढ्या रुंदीत साठतो. कड भाजते, कडक होते, तिला भेगा पडतात. नंतर तेल येते खरे, पण झालेली इजा ते भरून काढू शकत नाही. माझे सील पंधरा दिवसांनी गळले. परंतु ते बिघडले होते पहिल्याच काही मिनिटांत. शिवाय कोरडी कड शाफ्टवर चढताना उलटी दुमडते, आणि पाठीमागची स्प्रिंग निसटून पडते, हा धोका वेगळाच.

उपाय अगदी सोपा आहे. पेटीत जे तेल भरायचे आहे, तेच स्वच्छ गिअर ऑइल बोटाने सीलच्या कडेला आणि शाफ्टला लावावे. दोन कडा असतील तर त्यांच्यामधल्या खाचेत अर्ध्याहून कमी भरेल इतके साधे लिथियम ग्रीस घालावे. खाच ठासून भरू नये. जादा ग्रीस तापून बाहेर येते आणि धूळ धरते.

कोणते वंगण लावू नये, हेही सांगितले पाहिजे. घरात तेल आहे म्हणून ते लावावे, असे होत नाही. जवसाचे तेल हवेत वाळून कडक पापुद्रा बनवते, म्हणून तर ते रंगात घालतात. शाफ्टवर त्याचा गोंदच होईल. एरंडेल वाळत नाही, म्हणून जुन्या काळी ते यंत्रांना चाले. कॅस्ट्रॉल ह्या १९०९ साली निघालेल्या तेलाचे नावसुद्धा एरंडीच्या ‘कॅस्टर’ ह्या इंग्रजी नावावरून आलेले आहे. परंतु आजच्या गिअरबॉक्ससाठी आजचे तेल आहे. तेथे एरंडेल नको.

ह्याहून मोठा इशारा ब्रेकविषयी आहे, आणि तो कृपा करून ध्यानात ठेवावा. सीलला तेल लावावे हे ऐकून कोणी ब्रेकच्या सिलिंडरातल्या रबरी वॉशरांनाही गिअर ऑइल किंवा साधे ग्रीस लावील, तर अनर्थ होईल. ते रबर निराळ्या जातीचे असते; खनिज तेलाने ते फुगते आणि ब्रेक अडकतो वा निकामी होतो. त्यांना केवळ स्वच्छ ब्रेक ऑइलच लावायचे. त्याच्या नावात ‘ऑइल’ असले तरी सामान्यतः ते खनिज तेल नसते. ते ग्लायकोल जातीचे द्रव्य असते. म्हणून हात गिअर ऑइलाने माखलेले असताना ब्रेकच्या रबराला शिवू नये. गिअर ऑइलाची बाटली आणि ब्रेक ऑइलाची बाटली ह्यांच्यात, सोवळ्याओवळ्याइतके अंतर राखावे.

दुसरा अपवाद टेफ्लॉनच्या कडेचा. नव्या गाड्यांच्या इंजिनात, क्रँकशाफ्टच्या टोकाशी, कित्येकदा असे सील असते. त्याची कड रुंद असते आणि पाठीशी स्प्रिंग नसते. हे सील बहुधा कोरडेच बसवायचे असते, कारण टेफ्लॉनचा सूक्ष्म थर आधी शाफ्टवर चढावा लागतो. तेव्हा सीलच्या वेष्टनावर किंवा गाडीच्या पुस्तकात जे लिहिले असेल, ते माझ्या व्याख्यानाहून श्रेष्ठ मानावे.

आता हातांनी काम करणारांसाठी चार गोष्टी क्रमाने सांगतो. गाडी सपाट जागी घ्यावी, चाकांना दगड लावावे, आणि नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली कधीही जाऊ नये, घोडी लावावी. जुने सील काढण्यापूर्वी ते किती खोल बसले होते, हे पाहून ठेवावे. ते उपसताना स्क्रू ड्रायव्हरने शाफ्टावर ओरखडा पाडू नये, कारण एक उभा ओरखडा नव्या सीलला पुरतो. मग शाफ्टवरून नख फिरवावे. जुन्या कडेने तेथे खाच पाडली असेल आणि नख तीत अडकत असेल, तर नवे सीलही गळणार. अशा वेळी जागा असेल तर सील एकदोन मिलिमीटर पुढेमागे बसवावे, नाही तर शाफ्टवर पातळ बाही चढवून घ्यावी. शाफ्ट आरशासारखा घासण्याचाही हव्यास नको. अगदी गुळगुळीत पृष्ठावर तेल ठरत नाही.

सील ठोकताना एका बाजूला ठोकू नये. त्याच्या बाहेरच्या कड्याएवढ्या पाइपाचा तुकडा किंवा जुन्या बेअरिंगचे कडे वर ठेवून चहूकडून सारखे दाबावे. शाफ्टच्या टोकाला खाचा असतात. त्या चाकूसारख्या कड कापतात. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या मोटारीत, म्हणजे १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून आजतागायतच्या बहुतेक छोट्या मोटारींत, ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्समध्ये घालताना ही चूक फार होते. खाचांनाही तेलाचे बोट लावावे, आणि शाफ्टचे वजन सीलवर पडू न देता तो सरळ आत न्यावा.

एवढे करूनही सील गळले, तर लगेच दुकानदाराला बोल लावू नये. धुरीच्या वर एक लहान श्वासनळी असते. घाट चढताना तेल तापते, आतली हवा फुगते आणि ह्या नळीतून बाहेर जाते. पावसाळ्यात शेतरस्त्याने गाडी गेली की काळी माती नळीवर बसते, वाळते आणि नळी बुजते. मग कोंडलेली हवा तेलाला सीलमधून बाहेर लोटते. दोन सील बदलूनही गळती न थांबण्याचे कारण पुष्कळदा ही बुजलेली नळी असते; ती तारेने आणि हवेने साफ केली की काम होते. तेल प्रमाणाबाहेर भरले तरी हाच परिणाम होतो. आणि ब्रेकच्या अस्तराला तेल लागलेच असेल, तर ते पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवण्याची काटकसर करू नये. आत मुरलेले तेल तापल्यावर परत वर येते, आणि अस्तर तापते ते नेमके उतारावर. काढलेले जुने तेल नाल्यात किंवा विहिरीपाशी ओतू नये. डब्यात भरून गॅरेजात द्यावे.

श्रोतेहो, स्वतःचे काम स्वतः करावे, ह्या मताचा मी आजही आहे. त्या दिवसानंतर मी जीप दुरुस्त करणे सोडले नाही. फक्त मिस्त्रीला विचारायला लाजणे सोडले. माझ्या हातून झालेली चूक निष्काळजीपणाची नव्हती. मी फार काळजी घेतली होती, पण त्या वस्तूचा स्वभाव न जाणता घेतली होती. लखलखीत कोरडे ते चांगले, हा भांड्यांचा नियम मी सीलला लावला. प्रत्येक वस्तूचा धर्म वेगळा असतो, आणि तो माहीत करून घेणे हा दुरुस्तीचा पहिला भाग आहे. पाना त्यानंतर उचलायचा.

आपल्यापैकी कोणी येत्या रविवारी अंगणात चाक उतरवणार असेल, तर नवे सील कागदातून काढल्यावर क्षणभर थांबावे. बोट तेलात बुडवावे, कडेवरून एकवार गोल फिरवावे, आणि मगच ते जागी बसवावे. ह्याला अर्धा मिनिट लागतो. राजूरच्या वळणावर, समोरून भरलेला ट्रक वर येत असताना, त्या अर्ध्या मिनिटाची किंमत कळते.